स्कॅनर घेण्याआधी माळ्यावरचा एन्लार्जर खाली काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या खानापुरात वडिलांचा स्टुडिओ होता, तो बंद झाला आणि मागे दोन पत्र्याच्या ट्रंका भरून निगेटिव्ह राहिल्या. बहुतेक १२० च्या, म्हणजे रुंद रोलच्या, ब्लॅक अँड व्हाइट, शेवटच्या काही वर्षांतल्या ३५ एमएम कलर. एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचं यंत्र, माळ्यावर धूळ खात पडलाय. तुम्ही स्वतः पेंटॅक्स के१००० वर अधूनमधून रोल मारता, डिजिटल म्हणून निकॉन डी५६०० आहे. चाळीस हजारांच्या आत स्कॅनर म्हणून एपसन व्ही६०० घ्यावा की प्लस्टेक ८२००आय, आणि बरोबर काय काय सामान लागेल?

दोन्ही नकोत. निदान आत्ता नकोत. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि एन्लार्जरचा खांब एवढं हाताशी आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त स्कॅनर घरातच आहे. पैसे घालायचे ते मॅक्रो लेन्समध्ये, दिव्यात आणि निगेटिव्ह नीट ठेवायच्या सामानात. असं का म्हणतो ते सांगतो. नाहीच पटलं, तर कुठला स्कॅनर बरा तेही पुढे आहे.

आधी आकडे बघू, कारण माणूस फसतो तो तिथंच. व्ही६०० च्या खोक्यावर ६४०० डीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे ठिपके, असं असतं. टेस्ट चार्ट ठेवून मोजलं की प्रत्यक्ष तपशील दीड हजार, फार तर सोळाशेच्या आसपास मिळतो. त्याचा थोरला भाऊ व्ही८५०, तोही ६४०० च सांगतो, देतो २३०० च्या घरात. प्लस्टेक ८१०० आणि ८२००आय वर ७२०० छापलंय, हाती सव्वातीन हजारांच्या आसपास येतात. जुना निकॉन कूलस्कॅन ५००० तेवढा शब्दाला जागणारा, ४००० म्हणतो आणि जवळजवळ तेवढं देतो. बाकीचे वाढीव पिक्सेल म्हणजे दुधातलं पाणी. फाइल मोठी होते, फोटोत काही वाढत नाही.

आता हे तुमच्या निगेटिव्हला लावा. ३५ एमएमची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. दीड हजार डीपीआयनं तिचे जेमतेम ३ मेगापिक्सेल होतात. व्हॉट्सॲपवर पाठवायला ठीक, भिंतीवर लावायला नाही. १२० ची सहा बाय सहाची फ्रेम प्रत्यक्षात ५६ मिलिमीटर चौरस असते, तिचे त्याच यंत्रावर ११ मेगापिक्सेलच्या आसपास होतात. म्हणजे व्ही६०० हा १२० साठी बरा आणि ३५ एमएमसाठी कामचलाऊ. प्लस्टेकचं उलटं. ३५ एमएम उत्तम करतो, १२० त्यात जातच नाही, आणि तुमच्या ट्रंकेत भरणा १२० चाच आहे.

तुमच्या डी५६०० नं ३५ एमएमची फ्रेम पूर्ण भरून घेतली तर ६००० पिक्सेल ३६ मिलिमीटरवर पसरतात, म्हणजे ४२०० डीपीआयच्या आसपास. लेन्स आणि सेन्सरची घट धरली तरी प्लस्टेकच्या पंक्तीला बसतो. सहा बाय सहाला सेन्सरची ४००० पिक्सेलची बाजू ५६ मिलिमीटरवर येते, सुमारे १८०० डीपीआय, १६ मेगापिक्सेलची चौकोनी फाइल. ३०० डीपीआयनं १३ इंची चौकोनी प्रिंट त्यातून आरामात निघते. एखादी निगेटिव्ह फारच देखणी निघाली तर चार तुकड्यांत फोटो घेऊन जोडता येतात.

८२००आय मधल्या त्या ‘आय’चे पैसे मोजण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्या. इन्फ्रारेडनं धूळ-ओरखडे आपोआप काढायची सोय, जिला व्ही६०० वर डिजिटल आइस म्हणतात, ती ब्लॅक अँड व्हाइटवर चालत नाही. कलर निगेटिव्हमध्ये धुतल्यावर चांदी उरत नाही, नुसते रंग उरतात. त्यातून इन्फ्रारेड आरपार जातो, धूळ तेवढी अडवते, म्हणून यंत्राला धूळ कुठली ते कळतं. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये चित्रच चांदीचं असतं आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. यंत्राला नवरदेवाचा पांढरा सदराही धूळच वाटतो, कारण निगेटिव्हमध्ये तिथेच चांदी दाट असते. इल्फर्ड एक्सपी२ सारखी कलरच्या केमिकलमध्ये धुतली जाणारी फिल्म अपवाद. पण वडिलांच्या काळातला इंदू किंवा ऑर्वोचा साधा ब्लॅक अँड व्हाइट रोल असेल तर आइस बंद ठेवायचं. दोन्ही यंत्रांची ही जमेची बाजू तुमच्या तीन-चतुर्थांश कामाला उपयोगाची नाही.

आता एन्लार्जर. वरचं डोकं, म्हणजे दिवा आणि बेलोज असलेला भाग, काढून ठेवा. टाकू नका, त्यातलं निगेटिव्ह कॅरियर, म्हणजे निगेटिव्ह धरणारी चौकट, लागणार आहे. खांबावर वरखाली सरकणारा जो भाग राहतो, त्याला कॅमेरा खाली तोंड करून बसवायचा. ट्रायपॉडचा स्क्रू पाव इंची असतो, तो धरून एक ॲल्युमिनियमची एल पट्टी करून घ्या. बेळगावात उद्यमबागेत कुठल्याही टर्नरकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे कॅमेरा घेऊन गेलात की तो समोर बसून करून देईल. फाउंड्री आणि मशीनिंगचं गाव आहे, बाहेरून कॉपी स्टँड मागवायची गरज नाही. काही एन्लार्जरचा खांब तिरका असतो. त्याचं काही नाही, कॅमेरा बेसबोर्डला समांतर बसला म्हणजे झालं. पट्टी मात्र जाड घ्या. पातळ पट्टी कॅमेऱ्याच्या वजनानं हळूहळू वाकते आणि अर्ध्या रोलनंतर एक कोपरा धूसर यायला लागतो.

समांतर बसलाय की नाही हे लेव्हलच्या बुडबुड्यावर सोडू नका. फिल्म जिथे ठेवणार तिथे छोटा आरसा ठेवा आणि लाइव्ह व्ह्यूमध्ये बघा. लेन्सला स्वतःचंच तोंड बरोबर मधोमध दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर खाली कागदाच्या घड्या घालत घालत आणा. मॅक्रोच्या अंतरावर फोकसची खोली इतकी कमी असते की हा आरसा महागड्या लेन्सपेक्षा जास्त काम करतो.

लेन्ससाठी सगळ्यात स्वस्त चांगला मार्ग जुन्या ५५ एमएम मायक्रो-निकॉरचा. सेकंडहँड मिळते, सपाट वस्तूंच्या कॉपीसाठीच तिचं नाव आहे. ती स्वतःहून निम्म्या आकारापर्यंतच जाते. तुमच्या सेन्सरवर १२० साठी तेवढं भरपूर झालं. ३५ एमएमला मात्र साधारण ०.६५ पट लागतं, तेव्हा लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब, म्हणजे पोकळ नळी, हवी. निकॉनची पीके-१३ लावली की ती पूर्ण आकारापर्यंत पोचते. डी५६०० वर या जुन्या लेन्सचं मीटर चालत नाही, पण इथं सगळं एम, म्हणजे मॅन्युअल मोडवरच करायचंय, त्यामुळे अडत नाही. नवी हवी असेल तर निकॉनची ४० एमएम डीएक्स मायक्रो घ्या. आणि एकदम विकत घेण्याआधी लग्नाचं काम करणाऱ्या मित्राला विचारा. अंगठीच्या क्लोजअपसाठी घेतलेली मॅक्रो बहुतेकांच्या बॅगेत असते आणि सराई सोडून बाकीचे दिवस पडूनच असते. ५० एमएमच्या साध्या लेन्सला ट्यूब लावून भागेल का असंही काही जण विचारतात. मधला भाग छान येतो, कडा मऊ पडतात. एकट्यादुकट्या चेहऱ्याला चालेल, शाळेच्या ग्रुप फोटोला नाही.

दिवा सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचा एलईडी पॅनल हवा. ब्लॅक अँड व्हाइटला कुठलाही चालतो, कलर निगेटिव्हला नाही. स्वस्त एलईडीच्या उजेडात लाल अपुरा असतो आणि मग कातडीचा रंग काही केल्या जमत नाही. मोबाइल किंवा टॅबची स्क्रीन वापरू नका, तिचे ठिपके फोटोत येतात. पॅनलवर ३ मिलिमीटरचं दुधी ॲक्रिलिक ठेवायचं. साइनबोर्ड करणाऱ्यांकडे त्याचे उरलेले तुकडे पडलेले असतात, मापात कापूनही देतात. फिल्म ॲक्रिलिकवर टेकवायची नाही, दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवायची, म्हणजे ॲक्रिलिकवरची धूळ फोकसमध्ये येत नाही. फ्रेमच्या चारी बाजूंचा उजेड काळ्या कागदानं झाका आणि खोलीतला ट्यूबलाइट बंद करा. उघडा उजेड लेन्समध्ये शिरला की निगेटिव्हचा कॉन्ट्रास्ट मरतो.

सेटिंग एकदाच लावायचं: आयएसओ १००, एफ/८, फाइल रॉ (RAW), दोन सेकंदांचा टायमर, शटर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून. उजळ बाजू कापली जाणार नाही इतपत उजव्या अंगाला ठेवा. कलर निगेटिव्हचा नारिंगी थर निळा चॅनल दाबून टाकतो, म्हणून तिन्ही चॅनल वेगवेगळे बघा. व्हाइट बॅलन्स दोन फ्रेमच्या मधल्या कोऱ्या फिल्मवर घ्यायचा. एकदा जमलं की तो रोल संपेपर्यंत काही हलवायचं नाही. इमल्शनची, म्हणजे चित्राच्या थराची, मंद बाजू कॅमेऱ्याकडे ठेवा आणि नंतर फाइल आडवी उलटवा. बाजू ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेची अक्षरं. ती सरळ वाचता येतात तेव्हा चकचकीत बाजू तुमच्याकडे असते.

फिल्म सपाट राहणं ही खरी डोकेदुखी, आणि इथं आपल्याकडची हवा मध्ये येते. मार्च ते मे कोरड्या हवेत जिलेटिन आकसतं आणि फिल्म इमल्शनच्या बाजूला वळते. पावसाळ्यात तेच जिलेटिन फुगतं, फिल्म सैल पडते, काचेला चिकटते. तुमच्या तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीकडून पाऊस आत यायला लागला की कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. तेव्हा जुन्या ट्रंका उघडून बसू नका. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, हवा मध्यम असते आणि उन्हाळ्यातली लाल धूळही अजून उडत नसते. मोठं काम त्या दिवसांत काढा. वळलेल्या पट्ट्या स्लीव्हमध्ये घालून जड पुस्तकांखाली काही आठवडे ठेवल्या की बऱ्याच नमतात.

एन्लार्जरचं निगेटिव्ह कॅरियर १२० साठी उत्तम होल्डर होतं. काचेचं असेल तर न्यूटन रिंग्ज, म्हणजे तेल सांडल्यासारखी इंद्रधनुषी वर्तुळं, येऊ शकतात. ती बहुतेक वेळा चकचकीत बाजू गुळगुळीत काचेला टेकली की येतात. म्हणून त्या बाजूला अँटी-न्यूटन काच किंवा मग काचच नको. ३५ एमएमला सरकवायचा होल्डर विकत घ्या. लोमोग्राफीचा डिजिटलायझा चालतो, व्हॅलॉयचा जास्त चांगला. निगेटिव्ह सप्लायचे दणकट असतात, पण कस्टम ड्युटी धरली तर लेन्सच्या किमतीला जाऊन बसतात. घरच्या ट्रंकेसाठी मी ते सुचवणार नाही.

आता साफसफाई. इथं जरा थांबून वाचा. रबरी ब्लोअर, मऊ अँटीस्टॅटिक ब्रश आणि सुती हातमोजे एवढ्यावर नव्वद टक्के काम भागतं. कॅनमधली हवा नको, तिच्यातून कधीकधी द्रव उडतो. पण स्टुडिओच्या निगेटिव्हची एक खासियत आहे, जी परदेशी माहितीत सहसा नसते. पोर्ट्रेटवर वडिलांनी रिटचिंग केलेलं असणार. निगेटिव्ह तिरकी धरून खिडकीकडे बघा. चेहऱ्याच्या जागी, डोळ्यांखाली, गालावर बारीक पेन्सिलीच्या रेघांचं चकाकणारं जाळं दिसेल. बेळगावच्या मराठा सेंटरला, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात, भरती झालेल्या पोराचा पहिला गणवेशातला फोटो असो की मुलगी दाखवायला काढलेला, चेहरा असा पेन्सिलीनं उजळल्याशिवाय स्टुडिओतून बाहेर पडत नसे. ते काम इमल्शनच्या बाजूला असतं. ओल्या कापडानं किंवा क्लीनरनं पुसलंत की गेलं. म्हणून त्या बाजूला फक्त ब्लोअर. दुधी ॲक्रिलिकचा पसरट उजेड इथंही मदतीला येतो, तीक्ष्ण उजेडात त्या रेघा स्कॅनमध्ये ओरबाडल्यासारख्या दिसतात.

बुरशी लागलेल्या निगेटिव्हला पाणी लावू नका. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, चित्रासकट. चकचकीत बाजूला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सुती बोळ्यानं हलकेच चालेल. पुरात भिजलेल्यांचं मात्र बरोबर उलटं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर आपल्या जिल्ह्यात कित्येकांनी भिजलेले गठ्ठे उन्हात वाळवले आणि ते विटेसारखे घट्ट झाले. अशा निगेटिव्ह वाळू न देता स्वच्छ थंड पाण्यात ठेवायच्या, एकेक सावकाश सुटी करायची आणि मग टांगायची.

ट्रंक उघडल्यावर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ॲसिटेट फिल्म कुजायला लागली आहे. त्यावर इलाज नाही. कोरड्या थंड जागी वेग कमी होतो एवढंच, आणि तो वास शेजारच्या निगेटिव्हलाही बाधतो. त्या वेगळ्या काढा आणि त्यांचेच फोटो सगळ्यात आधी घ्या. डांबरगोळ्या असतील तर काढून टाका, त्यांची वाफ प्लॅस्टिकला बरी नाही. निगेटिव्ह पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिथिलीनच्या स्लीव्हमध्ये घाला. वास मारणारे मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत. मग झाकण घट्ट बसणारा प्लॅस्टिकचा डबा, रंग बदलणारं सिलिका जेल आणि एक साधा डिजिटल हायग्रोमीटर. आतली आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. कागदाची जुनी पाकिटं बदलाल तेव्हा टाकायची नाहीत. त्यावरचा नंबर, गावाचं नाव, कधी उधारीचा आकडा, हे सगळं मोबाइलनं टिपून त्याच नंबरच्या फोल्डरमध्ये ठेवा. वडिलांचं रजिस्टर सापडलं तर कुणाचं लग्न, कुठल्या साली, हे त्यावरूनच लागणार आहे.

उलटवायचं काम ब्लॅक अँड व्हाइटला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये कर्व्ह उलटा करून होतं. कलरला डार्कटेबल फुकट आहे, त्यात निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल नेमकं याचसाठी आहे. लाइटरूम असेल तर निगेटिव्ह लॅब प्रो घ्या, वेळ वाचतो. जुना कलर ऑर्वो असेल तर रंग परत येतील अशी फार आशा धरू नका. काही फ्रेम ब्लॅक अँड व्हाइटच बऱ्या दिसतात.

एवढा खटाटोप नकोच असेल, तर स्कॅनर कुठला? फक्त १२० आणि घरात दाखवण्यापुरतं हवं असेल तर व्ही६००. त्याच्या होल्डरची उंची बदलता येत नाही. दाणेदार निगेटिव्ह लावून होल्डरखाली पोस्टकार्डाच्या जाडीचे तुकडे वाढवत स्कॅन करून बघा, दाणा सगळ्यात टोकदार येतो ती उंची तुमच्या यंत्राची. यात फुकटात बराच फरक पडतो. फक्त ३५ एमएम कलर असेल तर ८२००आय, पण पूर्ण क्षमतेवर इन्फ्रारेडसह एकेका फ्रेमला काही मिनिटं जातात आणि पट्टी हातानंच सरकवायची असते. कूलस्कॅन सेकंडहँड दिसला तर मोह होईल. सुटे भाग नाहीत, निकॉनचं सॉफ्टवेअर नव्या संगणकावर चालत नाही, व्ह्यूस्कॅन या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर भागवावं लागतं, आणि कूलस्कॅन ९००० ला तर फायरवायर हे जुनं पोर्ट लागतं. परदेशातून आलेलं कुठलंही यंत्र घेताना अडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय का तेवढं बघा. ऑनलाइन ‘२२ मेगापिक्सेल फिल्म स्कॅनर’ म्हणून छोटे डबे मिळतात, ते म्हणजे आत मोबाइलसारखा कॅमेरा आणि बाहेर जेपेग. त्यात पैसे घालू नका.

राहता राहिले तुमचे के१००० चे रोल. पोस्टानं लॅबला धुवायला पाठवाल तेव्हा स्कॅन घेऊ नका, तुमचा सेटअप ते काम करेल. चिठ्ठीत दोन गोष्टी लिहा: पट्ट्या सहा-सहा फ्रेमच्या कापा, आणि निगेटिव्ह परत पाठवा. दुसरी गोष्ट फोन करूनही सांगा, काही ठिकाणी मागितल्याशिवाय देत नाहीत.